बी.एफ.ए. झालं, आता शाळेत चित्रकला शिकवायची तर काय शिकावं?

प्रश्न इंदूरच्याच एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "ताई, बी.एफ.ए.चं शेवटचं वर्ष, विषय पेंटिंग. घरचे म्हणतात बी.एड. कर आणि शाळेत लाग. पुण्याची मामी म्हणते ए.टी.डी., म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, कर. माझं काम बरं आहे. पण मागच्या महिन्यात ओळखीच्या एका शाळेत नववीवर अरेंजमेंटचा, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी, तास घेतला आणि दहाव्या मिनिटाला वर्ग हातातून गेला. मी फळ्यावर घोडा काढला, टाळ्या पडल्या. मग 'आता तुम्ही काढा' म्हटलं, तर निम्म्या मुलांनी 'हमसे नहीं बनेगा' म्हणून वह्या मिटल्या. बी.एड. केल्यावर हे जमतं का? की मी या कामाची नाहीच?"

ताई म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते. इंदुरात सव्वीस वर्षं सहावी ते बारावीला चित्रकला शिकवते आहे. अलीकडे बी.एड.ची मुलं इंटर्नशिपला माझ्या वर्गात येऊन बसतात, त्यामुळे तुझ्यासारखा चेहरा दरवर्षी एक-दोनदा तरी बघते.

तू दोन प्रश्न एकात विचारलेस. नोकरीसाठी कुठला कागद लागतो, हा एक. आणि शिकवायचं कसं, हा दुसरा. घरच्यांना पहिल्याची काळजी आहे, तुला दुसऱ्याची. पहिला आधी उरकते.

कुठल्या शाळेत शिकवायचंय यावर सगळं अवलंबून आहे. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिरातींत कलाशिक्षकासाठी बरीच वर्षं मुख्य अट होती ती ड्रॉइंग-पेंटिंग, शिल्प किंवा ग्राफिकच्या पाच वर्षांच्या डिप्लोमाची किंवा त्याच्या तोडीच्या पदवीची, सोबत हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान. या अटी बदलत असतात. म्हणून माझ्या सांगण्यावर किंवा कोचिंगवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस. ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीची जाहिरात ओळ न् ओळ वाच. इथल्या खासगी सीबीएसई शाळा बहुतेक करून बी.एड. विचारतात. अकरावी-बारावीला पेंटिंग शिकवायचं तर पुढची पदवी मागतात, म्हणजे एम.एफ.ए. किंवा ड्रॉइंग-पेंटिंगमधलं एम.ए. सीटीईटीच्या, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरात चित्रकला नाहीच. गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांतलं एक घेऊन तो द्यावा लागतो, हे माहीत असू दे. मामींचं ए.टी.डी. हे महाराष्ट्रातल्या शाळांचं गणित. लग्न होऊन पुण्याला जायचं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. इंदुरातल्या शाळेच्या ऑफिसात ते नाव घेतलंस, तर आधी ते काय असतं हेच समजावत बसावं लागेल.

तेव्हा इंदुरातच राहायचं असेल तर बी.एड. कर. आता ते दोन वर्षांचं आहे आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. मात्र प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन एक प्रश्न नक्की विचार: चित्रकलेची अध्यापन पद्धती तुमच्याकडे आहे का? अनेक ठिकाणी नसते. मग फाइन आर्ट्सच्या मुलीला हिंदी आणि सामाजिक शास्त्र घ्यायला लावतात. 'ड्रामा अँड आर्ट इन एज्युकेशन' नावाचा एक भाग असतो खरा, पण तो सगळ्यांनाच असतो, गणितवाल्यांनाही. चित्रकला कशी शिकवावी ते त्यात फारसं येत नाही. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं आणि मला हिंदीच मिळाली. संधी-समासाच्या पाठयोजना लिहून लिहून वह्या भरल्या, आणि पहिली नोकरी लागली त्या दिवशी सातवीच्या पंचेचाळीस मुलांना पाणी कसं वाटायचं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तरी वर्ष फुकट गेलं असं म्हणणार नाही. वर्गासमोर उभं राहायची भीती तिथेच मोडली, तासाचा आरंभ आणि शेवट असतो हे कळलं. चित्रकलेचा भाग मात्र तुलाच मिळवावा लागेल. बी.एड.ने जमतं का, याचं उत्तर इतकंच: अर्धं.

आता तुझा घोडा. तो चांगला होता, हीच अडचण झाली.

चौदा वर्षांच्या मुलासमोर तू झोकात घोडा काढलास. त्याने काय पाहिलं? की मॅडमना येतं आणि आपल्याला येत नाही. घोडा कसा होत गेला, ते त्याला दिसलंच नाही. आधी कुठे पाहिलंस, मानेचा कोन कशाशी ताडलास, पोटाची रेघ पुसून खाली का घेतलीस, यातलं काहीच तू बोलली नाहीस. बोलता आलंही नसतं. चार वर्षं कॉलेजात हात तयार करताना हे सगळं हातात उतरतं आणि डोक्यातून पुसलं जातं. शिक्षक व्हायचं म्हणजे हातात गेलेलं परत तोंडात आणायचं. सव्वीस वर्षांत मी मुख्यतः हेच शिकले. बाकी सगळं याच्या आगेमागे.

आणि नववीच का अडते, तेही ऐक. मुलांच्या चित्रांचे टप्पे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मांडले, बी.एड.च्या पुस्तकात भेटतील. दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोटे, मग माणसाचं डोकं आणि त्यालाच फुटलेले पाय, सात ते नऊच्या सुमाराला जमिनीची एक रेघ, तिच्यावर घर, कोपऱ्यात सूर्य. तोवर मूल बिनधास्त असतं. नऊ-दहानंतर त्याला खऱ्यासारखं काढावंसं वाटू लागतं, आणि बारा ते चौदाच्या दरम्यान ते स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेने बघायला लागतं. डोळा पुढे गेलेला, हात मागे राहिलेला. 'हमसे नहीं बनेगा' हे आळसाने म्हटलेलं नसतं, त्या मुलाला आपलं चित्र चुकलेलं दिसत असतं. प्राथमिकच्या शिक्षिकेला ही अडचण येत नाही, माध्यमिकच्या शिक्षिकेचं कामच इथून सुरू होतं. अशा मुलाला "छान आहे, छान आहे" म्हटलं तर त्याचा तुझ्यावरचा विश्वास उडतो, कारण छान नाही हे त्याला दिसतंय. त्याला युक्ती हवी असते, जी आजच्या तासात लागू पडेल.

एक युक्ती सांगते, माझ्या वर्गात अजून फसलेली नाही. आठवीला स्थिरचित्रात लोटा ठेवला की तीसेक मुलं तोंड अगदी गोल काढतात आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. का? तोंड गोल आहे हे माहीत आहे म्हणून गोल, आणि लोटा टेबलावर सपाट बसलाय म्हणून सरळ. 'लंबवर्तुळ काढा' सांगून काही होत नाही, तो शब्द भूमितीचा आहे. मी हातातली बांगडी काढते. एक डोळा मिटायला लावते आणि बांगडी आडवी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणते. नुसती रेघ दिसते. मग हळूहळू खाली नेते, रेघ उघडत जाते, कैरीच्या फोडीसारखी, मग अंड्यासारखी. "आता लोट्याचं तोंड तुमच्या डोळ्यांच्या किती खाली आहे? आणि बूड?" कुणीतरी म्हणतं, "मॅडम, नीचेवाला तो और ज़्यादा खुलेगा!" बस. ते वाक्य माझं नाही, त्याचं आहे. त्या तासाला बुडाची रेघ वाकते. पुढच्या तासाला बादली ठेवली तरी वाकते.

तुला अशा पंधरा-वीस बांगड्या गोळा करायच्यात. कुठून आणायच्या? तुझ्याच हातातून. घरी बसून लोटा काढ आणि प्रत्येक रेघेआधी मोठ्याने बोल, इथे का, इतकंच का. मोबाइलवर रेकॉर्ड कर. पहिल्यांदा ऐकशील तर "मग असं... असं घ्यायचं..." एवढंच असेल. पाचव्या-सहाव्या वेळेला वाक्यं येऊ लागतात. वाक्य सातवीच्या मुलाला कळेल इतकं लहान झालं की ते वहीत उतरवून ठेव. आणि एक: इथे शिकवायचं हिंदीत, निम्म्या शाळांत इंग्रजीत. आपण विचार करतो मराठीत. 'सावली' म्हटल्यावर आपल्याला जे दिसतं ते 'शेड' म्हटल्यावर मुलाला दिसतंच असं नाही. वस्तूच्या अंगावरची सावली आणि टेबलावर पडलेली सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना दोन वेगळे शब्द लागतात. ते तिन्ही भाषांत आधीच ठरवून ठेव.

माझी एक चूक सांगते म्हणजे तू ती करणार नाहीस. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सहावीतल्या एका मुलाच्या चित्रात माणसाचा हात बसत नव्हता. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्याच कागदावर हात काढून दिला. चांगला काढला, मूल खूश. पुढच्या आठवड्याला माझ्या टेबलापाशी बारा-तेरा जणांची रांग. "मॅडम, मेरा भी हाथ बना दो." ज्याला आदल्या आठवड्यात काढून दिला होता तो पहिला, आणि या वेळी त्याने हाताची जागा कोरीच सोडली होती. तेव्हापासून मुलाच्या कागदाला माझी पेन्सिल लागत नाही. दाखवायचं असेल तर बाजूला रद्दी कागदाचा तुकडा ठेवते, त्यावर दाखवते आणि तुकडा फाडून टाकते. तुकडा ठेवला तर तो ट्रेस होतो, हेही अनुभवाने सांगते.

इंदुरात तर हे समजायला लांब जायला नको. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इथे चित्रशाळा सुरू केली. त्यांच्या हाताखालून पुढे नावाजलेले चित्रकार गेले: बेंद्रे गेले, हुसेन गेले, डी. जे. जोशी गेले, आपले चिंचाळकर गुरुजी गेले. यातल्या एकाचं चित्र दुसऱ्यासारखं आहे का? मास्तरांनी प्रत्येकाच्या कागदावर हात काढून दिले असते तर चार देवळालीकर झाले असते. गुरुजींनी पुढे वाळकी पानं, मुळं, रद्दी यांतून जे काही उभं केलं, ते पाहिलेल्या कुणाही इंदूरकराला विचार, पानाकडे बघायची नजर बदलते की नाही.

आता चाळीस मिनिटांचं. हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत आणि वर्ग हातातून जातो तो इथेच. चाळीसमधली पाच मिनिटं मुलं वर्गात येऊन बसण्यात जातात. रंगकामाचा तास असेल तर शेवटची आठ आवरण्यात. मध्ये उरतात सत्तावीस, त्यातली तू बोलायची जास्तीत जास्त सहा. तू घोड्यावर दहा घालवलीस. पाणी बेचाळीस मुलांनी नळावर जाऊन आणलं तर तास नळावरच संपतो. चौघांत एक डबा, भरणारा एक, ओतणारा दुसरा, नावं फळ्यावर. पोस्टर कलरच्या बाटल्या मुलांच्या हातात द्यायच्या नाहीत, टिफिनच्या जुन्या झाकणांत चमचाभर रंग काढून ठेवायचा. रंग हवे तीनच, लाल-पिवळा-निळा, सोबत पांढरा. काळा कपाटात कुलपात. हिरव्याची बाटली दिली की सगळी झाडं एकाच हिरव्याची होतात. गुरुवारी पाचव्या तासाला, खेळाच्या तासानंतर, घामाघूम आलेल्या वर्गाला रंग देऊच नकोस, त्या दिवशी पेन्सिल. हे सगळं क्षुल्लक वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या इंटर्न मुलांचे तास बिघडतात ते निम्म्या वेळा पाण्यामुळेच, चित्रामुळे नाही.

इंटर्नशिपच्या त्या सोळा आठवड्यांत बहुतेक मुलं काय करतात सांगू? बोर्ड सजवतात. शाळाही त्यांना त्यासाठीच वापरते. "फाइन आर्ट्सची आहेस ना, मग जरा स्वागताचा फलक कर." एक-दोन कर, नाही म्हणून कुणाला दुखवू नकोस. पण मागच्या बाकावर बसून पाहण्याचे तास मागून घे. चित्रकलेचेच नव्हे, विज्ञानाच्या प्रयोगशाळेतलेसुद्धा. सामान वाटून परत गोळा करणं ते आपल्यापेक्षा चांगलं करतात. आणि एकाच वर्गावर सलग आठ तास घे. आठ वेगवेगळ्या वर्गांवर एक-एक तास घेतलास तर दर वेळी घोडाच काढावा लागेल.

गुण देणं हा वेगळाच घोळ. बोर्डाला पेंटिंग घेणाऱ्या मुलांचं सोपं आहे, आराखडा ठरलेला असतो. बारावीला थिअरी ३०, प्रात्यक्षिक ७०. त्या सत्तरमध्ये निसर्ग व वस्तुचित्रण २५, चित्ररचना २५ आणि वर्षभराच्या कामाची फाइल २०. इथे तुला एक प्रामाणिक सल्ला: कला इतिहास पुन्हा वाच. तो आपण कॉलेजात परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेला असतो. राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी, बंगाल शैली या बारावीच्या मुलांना शिकवाव्या लागतात, आणि लघुचित्रातल्या बाईचा डोळा बाजूने पाहिलेल्या चेहऱ्यातही समोरून दिसतो तसा का काढतात, असं एखाद्याने विचारलं की तोंड बघत बसतो आपण. मध्य प्रदेशात असण्याचा फायदा घे. शैलचित्रांचं भीमबेटका आपल्याकडे आहे, बाघची लेणी धार जिल्ह्यात आहेत, इंदूरहून दिवसभरात जाऊन येता येतं. १९२१ साली शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस बाघला भित्तिचित्रांच्या नकला करायला आले होते, हे मुलांना सांगितलं की अजिंठ्याचा धडासुद्धा त्यांना घराजवळचा वाटतो.

बोर्डाला विषय न घेतलेल्या सहावी ते दहावीच्या मुलांना मात्र ग्रेड द्यायची असते, आणि तिथे हात चांगला असलेल्या चारच मुलांना वर्षानुवर्षं 'ए' मिळत राहते. मी पहिल्या आणि शेवटच्या कामातलं अंतर बघते. जूनचं चित्र फाइलमध्ये खाली, मार्चचं वर. दोन्ही समोर ठेवून मुलालाच विचारते, काय बदललं? त्याला सांगता आलं तर मला अर्धी ग्रेड कळते. पालकसभेत याचा उपयोग फार होतो, कारण "चित्रकलेत 'बी' कसा काय?" हा प्रश्न इंदुरातले पालक गणितापेक्षा जास्त रागाने विचारतात.

नोकरीच्या मुलाखतीत डेमो तास मागतात, पंधरा-वीस मिनिटांचा. मी पॅनलवर बसते तेव्हा दहापैकी आठ जण फळ्यावर गणपती काढतात. सुरेख काढतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, तिने पिशवीतून पिंपळाची पानं काढली, प्रत्येक मुलाला एक. "सहा मिनिटं आपलंच पान काढा, दुसऱ्याचं नाही. कुठे फाटलंय, कुठे किडा लागलाय, शेपूट कुठे वळलंय." मग सगळी पानं टेबलावर ओतली, मिसळली, आणि चित्रांची अदलाबदल करून म्हणाली, "चित्र बघून त्याचं पान शोधा." वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या. ज्याच्या चित्रावरून पान सापडलं नाही तो स्वतःच कागद परत मागून घ्यायला लागला, एक खाच राहिली म्हणून. तिने फळ्याला हातही लावला नाही. मी माझ्या कागदावर तिच्या नावापुढे मोठी बरोबरची खूण केली. प्रिन्सिपलना मात्र आधी गणपतीवालाच हवा होता, तासभर वाद घालावा लागला. म्हणजे गणपतीचीही तयारी ठेव, एवढं धोरण असू दे.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. परीक्षा जवळ आली की तुझा तास गणिताला जाईल. वार्षिक समारंभाच्या आधी तीन आठवडे तू थर्माकोल कापत असशील. पहिल्या वर्षी मी भांडले, आता भांडत नाही, अदलाबदल करते: तास दिला तर नंतर तास घेते, वहीत लिहून, सही घेऊन. आणि स्वतःचं काम बंद पडतं, बघता बघता. मी सात वर्षं ब्रश धरला नव्हता, आणि त्या सात वर्षांत माझी वर्गातली वाक्यंही शिळी झाली होती. आता रविवारी सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी स्केचबुक घेऊन तासभर बसते. छत्रीचा घुमट चुकला की सोमवारी वर्गात नवं काहीतरी सांगायला असतं.

तू या कामाची आहेस की नाही, हे एका अरेंजमेंटच्या तासावरून मी सांगू शकत नाही, तूही ठरवू नकोस. त्यापेक्षा या रविवारी गल्लीतली बारा-चौदा वर्षांची चार मुलं गोळा कर. पोहे-जिलेबीचं आमिष दाखव, येतात. स्वयंपाकघरातला लोटा मध्ये ठेव, हातात बांगडी असू दे, आणि पूर्ण तासात तू स्वतः कागदावर एकही रेघ काढायची नाहीस. कुठलं वाक्य बोलल्यावर पेन्सिल हलली आणि कुठल्या वाक्याला मुलं नुसती बघत राहिली, ते त्याच संध्याकाळी लिहून काढ आणि मला कळव. बी.एड.च्या फॉर्मची तारीख निघून जाईल असं असेल तर फॉर्म भरून ठेव, या रविवारच्या तासाची वाट बघू नकोस.